गुरुवारचं पोट

निंबसांगवीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर येत-जात, गोळ्यांचे रंग बदलत, भिंतीवरची हात धुणारी बाईसुद्धा दोनदा पुसून नवी काढून झाली. बदलली नाही ती केसपेपरच्या खिडकीतली कुसुमबाई. तशी तिची नेमणूक परिचर म्हणून, म्हणजे बाळंतिणीला धीर द्यायचा, चादरी मोजायच्या, डॉक्टरांना चहा पोचवायचा. पण खिडकीतला कारकून सात वर्षांमागं बदलून पूर्णेला गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला लिहिता येतं ना?" ती सातवी पास. येतं म्हणाली आणि जाऊन बसली, ती बसलीच. नाव, गाव, वय, काय होतंय, या चार प्रश्नांवर तिनं आसपासच्या बारा गावांना नमवलं होतं. नमवलं म्हणजे खरोखरच; कारण खिडकी बसकी होती, आणि सरपंच असला तरी त्याला कमरेत वाकूनच आपलं दुखणं सांगावं लागे. खिडकी उंच करून देतो असं एक ठेकेदार म्हणाला होता. कुसुमबाईनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

अशा या बाईला जगात भीती एकाच माणसाची. ते माणूस म्हणजे तिची विहीण, गव्हाळीच्या बायनाबाई.

भांडणाचं मूळ दोन चिठ्ठ्यांत होतं. एकुलत्या एक लेकीच्या, राजेश्रीच्या लग्नात आहेराच्या साड्या कुसुमबाईनं स्वतः बांधल्या आणि हरेक पुडक्यावर स्वतःच्या हातानं नावाची चिठ्ठी लावली. हजारो केसपेपर लिहिलेला हात, पण त्या दिवशी लेकीकडं बघत बघत बांधाबांध केली आणि दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. जरीची साडी गेली बायनाबाईंच्या जावेला, आणि जावेसाठी घेतलेली साधी सुती आली बायनाबाईंच्या वाट्याला. जाऊ मोठी हिकमती. लग्नाच्या पाचव्या दिवशी ती साडी नेसून तिनं बायनाबाईंच्या दारावरून तीन फेऱ्या मारल्या, एकदा पाण्याला, एकदा दळणाला आणि एकदा उगीचच.

तेव्हापासून राजेश्रीचं माहेर बंद झालं. सरळ 'जाऊ नको' असं बायनाबाई कधी म्हणत नसत. पंचमीला म्हणाल्या, सोयाबीनची खुरपणी हाय. दिवाळीला म्हणाल्या, आमची मंजुषा यायलीय, घरात लेक आल्यावर सूनच निघून गेली तर चुलीपुढं कोन बसंल? मंजुषा ही बायनाबाईंची लाडकी लेक, करंजवाडीला दिलेली. ती भाऊबीज करून परत गेली आणि तिच्याही सासूनं तिला पुन्हा धाडलं नाही. संक्रांतीला बायनाबाईंनी साऱ्या गव्हाळीत त्या करंजवाडीच्या विहिणीच्या नावानं बोटं मोडली. "लेकराला मायपासून तोडनारी बाई! तिला देव तरी माफ करंल का?" हे बोलताना पाठीमागं राजेश्री भाकरी थापत होती, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आता कुणी म्हणेल, आजकाल फोन आहेत. आहेत की. पण गव्हाळीच्या त्या घरातला फोन बायनाबाई स्पीकरवर टाकूनच सुनेच्या हातात देत, आणि शेजारी बसून शेंगा फोडत. "बरी हायस का?" "बरी हाय." "जेवलीस का?" "जेवले." एवढ्यावर मायलेकींचं बोलणं संपे. गव्हाळी सात किलोमीटरवर, पण कुसुमबाईला ती मुंबईच्याही पलीकडं वाटायची. दिवाळीला तिनं लेकीसाठी केलेल्या करंज्या डब्यातच मऊ पडल्या. ती तो डबा धुताना रडली, आणि नवऱ्यानं, चंद्रभाननं विचारलं तेव्हा साबण डोळ्यात गेला म्हणाली.

मग तिनं चार दिवस खिडकीत बसून विचार केला. इतकी दुखणी रोज समोर वाकून जायची. त्यातलं एक लेकीला का होऊ नये? ताप म्हणावं तर कपाळाला हात लावला की खरं-खोटं कळतं. खोकला रात्रभर काढून दाखवावा लागतो. कंबर दुखते म्हणावं तर सासू म्हणते, माझी तुझ्या आधीपासून दुखते. उलटीचं तर नावच नको. सुनेला उलटी झाली की सासू बारशाच्या तयारीला लागते. पण जुलाब! जुलाब कुणी बघायला येत नाही. ज्या बाईचं पोट बिघडलंय तिनं कणकेत हात घालू नये, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं आणि सोवळ्या-ओवळ्याच्या बायनाबाईंना तर ते लिहायच्या आधीपासून मान्य होतं. आणि खरी खुबी पुढंच होती. निंबसांगवीच्या दवाखान्यात जुलाबाचा पेशंट आला की त्याला व्हरांड्याच्या टोकाला ओआरएस कोपऱ्यात बसवत, माठातल्या पाण्यात पुडी कालवून घोटघोट पाजत आणि दोन तास नजरेखाली ठेवत. दोन तास! आणि केसपेपरच्या खोलीचं मागचं दार थेट त्याच कोपऱ्यात उघडत होतं.

गुरुवारी निंबसांगवीचा बाजार. जावई जीवन मिरच्या विकायला आला होता. जीवन मनानं चांगला, पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. कुसुमबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"जावईबापू, राजूला एक निरोप सांगा. म्हनावं, पुढच्या बेस्तरवारी सकाळी पोट बिघडू दे."

जीवन तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो सासूपुढं मनमोकळं हसला.

पुढच्या गुरुवारी मोटारसायकल दवाखान्यापुढं थांबली आणि राजेश्री पोट धरून, भिंतीचा आधार घेत, अशी काही कण्हत आली की कुसुमबाईच्याच काळजात धस्स झालं. "काय होतंय?" तिनं खिडकीतून विचारलं तेव्हा तिचा आवाज खरंच कापत होता. राजेश्रीनं वाकून इकडंतिकडं बघितलं आणि एक डोळा मिटला. त्या दिवशी जुलाबाच्या त्या पेशंटनं ओआरएस कोपऱ्यात बसून मायच्या डब्यातलं वांग्याचं भरीत, दोन भाकरी आणि वर ठेचा चवीनं खाल्ला. कुसुमबाई एक केसपेपर लिहायची आणि मागच्या दारातून दोन वाक्यं बोलून यायची.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुखाचा वास बायकांना लांबून येतो. त्या कोपऱ्यात एकदा तांदूळटाकळीची एक सून खरंच पोट बिघडून बसली होती. तिनं मायलेकींकडं बघितलं आणि सगळं समजून घेतलं. पुढच्या गुरुवारी ती आली ती ठणठणीत, आणि तिची आई बाजारातली भाजीची पाटी खांद्यावर घेऊन अर्ध्या तासानं हजर. मग करंजवाडीची एक सून आली. मग तिची शेजारीण. कुसुमबाई कुणाला नाही म्हणणार? लेकीचं खोटं पोट स्वतःच्या हातानं लिहून दुसरीला 'खोटं बोलतीस' कसं म्हणायचं? संक्रांत सरली तोवर दर गुरुवारी अकरा-अकरा सुनांची पोटं बिघडू लागली. सहा पेले पुरेनात. कोपऱ्यात कुणी लेकीच्या केसांत तेल घालतंय, कुणी नातवाला मांडीवर घेतंय, कुणी नुसतीच आईच्या खांद्याला टेकून बसलीय, आणि मधूनमधून डॉक्टर बाहेर आल्या की अकराच्या अकरा जणी एकदम पोट धरत.

डॉक्टर अनुपमा जानेवारीत नव्या आल्या होत्या. वय लहान, हुशारी फार, आणि त्यांना एक वाईट खोड होती: त्या रजिस्टर वाचत. आजवरच्या डॉक्टरांनी रजिस्टरवर सह्या केल्या होत्या. वाचलं कुणीच नव्हतं. अनुपमा मॅडमनी तीन महिन्यांचं वाचलं आणि मोठ्या कागदावर दिवसागणिक जुलाबाच्या पेशंटचे उभे खांब काढले. शुक्रवार ते बुधवार बोटभर, आणि गुरुवार पाण्याच्या टाकीएवढा.

"कुसुमबाई, हे बघा," त्या म्हणाल्या. "साथ येते पावसाळ्यात, ही थंडीत आली. साथीत आधी लहान मुलं आजारी पडतात, इथं एकही मूल नाही. पुरुष नाहीत. म्हाताऱ्या नाहीत. एकोणीस ते तीस वयाच्या बायका, त्याही सगळ्या लग्न झालेल्या. तीन वेगळ्या गावांच्या, तीन वेगळ्या विहिरींच्या. मला सांगा, फक्त सुनांना होणारा हा कोणता जंतू आहे?"

"काय की बाई," कुसुमबाई म्हणाली, आणि टेबल पुसू लागली. टेबल स्वच्छच होतं.

तक्ता वर गेला. वरून योगीराज आला. हा आरोग्य सहायक, अंगानं भरलेला, उत्साहानं त्याहून भरलेला. त्यानं तिन्ही गावांच्या विहिरींत पांढरी पावडर अशी काही ओतली की गव्हाळीच्या म्हशींनी पाण्यावरून तोंड फिरवलं आणि दुधाचा चहासुद्धा दवाखान्यासारखा लागू लागला. गुरुवारचा खांब तसूभर खाली आला नाही. उलट पावडरीच्या वासानं जीव मळमळतो म्हणून सुनांना आणखी एक निमित्त मिळालं.

तेव्हा योगीराजनं डोकं खाजवलं आणि त्याला बाजार दिसला. बाजार गुरुवारी. दवाखान्यासमोर ईश्वरअप्पांचं हॉटेल. हॉटेलात भजी.

"पण या बायका सकाळी नऊला आजारी होऊनच येतात," मॅडम म्हणाल्या. "भजी तर दहाला तळतात."

"मागच्या बेस्तरवारची असतील म्याडम," योगीराज म्हणाला. "भजी हळूहळू लागू व्हायलीत." आणि पाण्याचा नमुना परभणीहून तपासून येईपर्यंत त्यानं हॉटेल बंद ठेवायला सांगितलं.

ईश्वरअप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि स्वच्छतेचं इतकं वेड की गिऱ्हाईक उठायच्या आत बाकडं पुसत. त्यांची बायको शांतम्मा पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून, मगच पिठात घालायची. एकवीस वर्षं रोज अकरा वाजता तिच्या हातचा चहा दवाखान्यात कुसुमबाईला येत होता. आता तो यायचा बंद झाला. समोरच्या बंद फळ्यांवर कुणीतरी खडूनं 'जुलाब भजी सेंटर' असं लिहून गेलं. बाजारातली माणसं वाचून हसायची. कुसुमबाईनं दोनदा जाऊन ते पदरानं पुसलं, दोनदा ते पुन्हा आलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी खिडकीत एक माणूस वाकला. कुसुमबाईनं वर न बघताच विचारलं, "नाव?"

"ईश्वरअप्पा."

तिचा हात थांबला.

"काय होतंय अप्पा?"

"मला काही न्हाई होत. तुमाला एक इचारायचंय." अप्पांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि तेच तिला सोसवेना. "एकवीस वरीस माझ्या घरचं खाल्लं-पिलं तुमी. एकदा तरी तुमचं पोट बिघडलं का? तेवढं म्याडमला सांगा. बाकी काही मनू नका. शांतम्मा चार दिवस झाले, बाहेर पडायली न्हाई."

ते गेले. मागं कोपऱ्यात राजेश्री बसली होती, कारण आज गुरुवार होता. कुसुमबाई मागच्या दारानं गेली आणि तिच्याजवळ मटकन बसली. तिला स्वतःची शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. खरं सांगितलं की हा कोपरा बंद. कोपरा बंद की राजू बंद. मग पुन्हा 'जेवलीस का', 'जेवले', आणि शेंगा फुटल्याचा आवाज. नोकरीचं काय होईल ते तर तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

राजेश्रीनं सगळं ऐकलं होतं. खिडकी दोन हातांवर तर होती. तिनं पेला तोंडाला लावला, तळापर्यंत पिऊन टाकला.

"माय, सांगून टाक."

"आन् तू?"

"माझं मी बघते. पन अप्पाच्या चहावर मी शाळा शिकलेय. रोज दुपारी तुझ्या वाटचा अर्धा मला मिळायचा." मग ती हसली, आणि त्या हसण्यात कुसुमबाईला स्वतःचंच काहीतरी ओळखीचं दिसलं. "तू जा. मला करंजवाडीच्या बाईजवळ एक निरोप द्यायचाय."

कुसुमबाई मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांपासून सांगितलं, करंज्यांपर्यंत आली, भरीत लपवलं नाही. अनुपमा मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि फार रागावल्या.

"दीड महिना मी झोपले नाही नीट. अहो, उद्या खरी साथ आली, एखादं लेकरू खरंच हातातून जायला लागलं, तर तुमच्या या खोट्या गर्दीत ते मला दिसणार कसं? हा कागद म्हणजे माझे डोळे आहेत, कुसुमबाई. तुम्ही त्यात माती टाकलीत."

हे कुसुमबाईच्या कधी मनातच आलं नव्हतं. सात वर्षं ती कागद लिहीत होती. त्या कागदातून कुणी काही बघत असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं." आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

मॅडम तशाच तावातावानं कोपऱ्यात गेल्या. अकरा हात एकदम अकरा पोटांवर गेले. "पोटं सोडा!" मॅडम ओरडल्या. हात खाली आले. तांदूळटाकळीची ती पहिली सून सगळ्यात पुढं होती. तिची खालची पापणी मॅडमनी सवयीनं ओढून बघितली, बहुधा तोंडानं रागवायचं होतं म्हणून हातांना काहीतरी काम हवं होतं. बघितलं आणि त्यांचा राग जागच्या जागी थांबला. पापणी आतून पांढरीफटक. त्यांनी दुसरीची बघितली. तिसरीची बघितली. मग बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासायचं ते छोटं यंत्र मागवलं आणि एकेकीला तपासलं. अकरापैकी नऊ जणींचं रक्त कमी. राजेश्रीचं आठ.

"सगळ्यांना वाढून उरलेलं खाता ना गं?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "कुसुमबाई, आजपासून ज्याला खरे जुलाब त्याचेच जुलाब लिहायचे. यांचं लिहा, अशक्तपणा, रक्त कमी. दर गुरुवारी गोळ्या आणि तपासणी. या आयांचंही तपासू, त्यांचंही काही लाल दिसत नाहीये. प्रत्येकीचा कागद काढायचा. ज्याचा कागद नाही त्यानं कोपऱ्यात बसायचं नाही. वेळ लागेल, यंत्र एकच आहे." त्या दाराशी थांबल्या. "आणि ते फार हळू चालतं. दोन तास तरी लागतील."

यंत्र मिनिटभरात आकडा दाखवत होतं. कुसुमबाईनं ते अकरा वेळा डोळ्यांनी बघितलं होतं. तिनं कोरे कागद पुढ्यात ओढले.

संध्याकाळच्या आत मॅडम योगीराजला घेऊन ईश्वरअप्पांच्या दारात गेल्या, फळ्या उघडायला लावल्या आणि भर बाजारात बाकड्यावर बसून भजी मागवली. पाण्याचा नमुना दोन दिवसांनी आला, अगदी निर्मळ. पण बाजाराचा निकाल त्या बशीनंच लागला. योगीराजनं प्रायश्चित्त म्हणून की काय, पाच बशा संपवल्या. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्या सबंध हंगामात अप्पांच्या भज्यांनी खरोखर बिघडलेलं एकमेव पोट दवाखान्यात आलं. ते योगीराजचं होतं. "पाच बशा खाल्ल्यावर लोखंडाचं बी बिघडंल," अप्पा म्हणाले. कुसुमबाईनं नव्या नियमाप्रमाणं त्याचं खरंखुरं लिहिलं, आणि त्याला सहापैकी सगळ्यात मोठा पेला दिला. शांतम्माला ती सगळं सांगून आली होती. शांतम्मानं आधी तिच्याकडं पाठ करून भांडी आपटली, मग चहा ठेवला.

पण 'रक्त कमी' अशा नऊ चिठ्ठ्या नऊ घरी गेल्या, आणि तिन्ही गावांत सासवांची डोकी तापली. जुलाब झाले तर सुनेचं नशीब. रक्त कमी म्हणजे घराची अब्रू. पुढच्या गुरुवारी सकाळी कुसुमबाई खिडकीत बसली ती फाटकाकडं डोळे लावूनच. राजू येईल की नाही? तिनं सकाळीच मनाशी काहीतरी ठरवून एक कागद लिहिला आणि वहीखाली सारला.

दहा वाजता जीवनची मोटारसायकल थांबली. खाली उतरल्या त्या बायनाबाई. राजेश्रीला त्यांनी गाडीजवळच उभं केलं. "इथंच थांब, आत यायचं काम न्हाई," असं म्हणून त्या हातात चिठ्ठी फडकवत व्हरांड्यात चढल्या आणि न वाकताच बोलू लागल्या, त्यामुळे कुसुमबाईला खिडकीतून फक्त त्यांचं पोट आणि पुतळ्यांच्या माळेचं टोक दिसत होतं.

"काय समजून काय लिहिलंय हे? माझ्या घरी दोन म्हशी हायेत! डेऱ्यात तूप हाय! कनग्या भरून ज्वारी हाय! आमच्या घरात कोनाला अशक्तपना न्हाई! कालबी नव्हता आन् आजबी न्हाई! ऐकायलेत का सगळे?"

सगळे ऐकत होते. बाजारातलीही चार माणसं फाटकाशी थांबली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आई?"

ओआरएसच्या माठाशेजारी, करंजवाडीच्या बायकांमध्ये, मंजुषा उभी होती. गुरुवारी अशक्तपणा आण, असा निरोप तिला तिच्या भावजयीकडून, राजेश्रीकडून, आठ दिवसांपूर्वीच पोचला होता. सासूनं तिला आज दवाखान्याला म्हणून सोडलं होतं.

बायनाबाईंच्या हातातली चिठ्ठी खाली आली. त्या झपाट्यानं कोपऱ्याकडं निघाल्या. पण वाटेत योगीराज बसला होता, पोट नुकतंच सावरलेला आणि नियमाचा पक्का.

"कागद?"

"कसला कागद? माझी लेक हाय ती!"

"कागद असल्याबिगर कोपऱ्यात बसता येत न्हाई, आजी. म्याडमचा नियम हाय. खिडकीत जा."

बायनाबाई लेकीकडं बघत उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि खिडकीशी आल्या. या खेपेला त्या वाकल्या.

"नाव म्हाइत हाय," कुसुमबाई म्हणाली. "काय होतंय?"

बायनाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. "पोट," त्या पुटपुटल्या.

"पोटाचं बंद झालं विहीणबाई. अशक्तपना असंल तर लिहिते."

व्हरांड्यात सगळ्यांनी कान टवकारले. बायनाबाईंचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला.

"हाय," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं. बाजाराचा लय गलका हाय."

"अशक्तपना हाय म्हनलं की! लय अशक्तपना हाय!"

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. कुसुमबाईलाही हसू फुटणारच होतं. या घडीची तिनं लग्नापासून वाट बघितली होती. आणखी चार प्रश्न तिनं मनात तयार ठेवले होते, एकापेक्षा एक बोचरे.

"कधीपासून?"

बायनाबाई मागं वळून बघत होत्या. मंजुषा पदरानं डोळे पुसत होती, आणि दिवाळीपेक्षा बरीच वाळली होती.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या.

कुसुमबाईची लेखणी थांबली. तीही दिवाळीपासूनच तर दिवस मोजत होती. बाकीचे प्रश्न तिला आता आठवेनात, आणि आठवावेसेही वाटेनात. तिनं गुमान लिहिलं आणि कागद पुढं सरकवला.

"जावा. यंत्र एकच हाय. दोन तास बसावं लागंल."

"बसते की."

बायनाबाई कागद घेऊन चार पावलं गेल्या. थांबल्या. परत आल्या, पुन्हा वाकल्या, आणि खिडकीत न बघता, चौकटीवरच्या एका खिळ्याकडं बघत म्हणाल्या, "राजेश्रीचाबी काढा एक. गाडीपाशी उभी हाय ती. तिला माझ्यापेक्षा जास्त हाय."

कुसुमबाईनं वहीखाली हात घातला. तो कागद तिनं सकाळीच लिहून ठेवला होता.